सिस्टर म्हणतात ‘देऊन टाक’, मॅडम म्हणतात ‘हात लावू नको’

पत्राचा सारांश (नाव, गाव, कॉलेज आणि रुग्णालय वगळून):

पत्र लिहिणारी मुलगी जीएनएमच्या (नर्सिंगच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी, उपजिल्हा रुग्णालयाच्या स्त्री मेडिसिन वॉर्डात तिची पोस्टिंग आहे. इव्हनिंग ड्युटी, दुपारी दोन ते रात्री आठ. खाली गादीवर टाकलेले धरून ३८ पेशंट, स्टाफ सिस्टर एकच. मागच्या आठवड्यात सर्पदंशाची एक बाई आली. सिस्टर तिच्यात गुंतल्या आणि तिथूनच म्हणाल्या, “नऊ नंबरला इन्सुलिन दहा युनिट देऊन टाक.” ट्रेमध्ये लाल टोपणाच्या आणि नारिंगी टोपणाच्या अशा दोन तऱ्हेच्या सिरिंज होत्या. कोणती घ्यायची ते कळेना, म्हणून तिने विचारलं, “सिस्टर, तुम्ही सोबत याल का?” उत्तर आलं, “दुसऱ्या वर्षाला आहेस ना? एवढंही येत नसेल तर वॉर्डात येता काऊन?” ती गप्प झाली. इन्सुलिन नाईटच्या सिस्टरने साडेआठला दिलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मॅडम रागावल्या, “मी नसताना बाटलीला हातच कशाला लावला?” मॅडम वॉर्डात येतात आठवड्यातून दोनदा, सह्या करायला.

तिचा प्रश्न असा: “माझी चूक झाली का? पुढच्या वेळी गुपचूप देऊन मोकळी होऊ की प्राचार्यांकडे तक्रार करू? तक्रार केली तर इंटर्नल मार्क कापतील ही भीती आहे. आमच्याकडून मावशींचीही कामं करून घेतात. बाबांनी कपाशीच्या पैशातून फी भरली आहे. शिकायला आलो की फुकट राबायला, हेच समजत नाही.”

---

तुझ्या दोन्ही प्रश्नांआधी नऊ नंबरच्या पेशंटचं बघू, कारण सगळं तिथून सुरू झालं.

सरकारी दवाखान्यात इन्सुलिनची बाटली बहुतेक वेळा १ मिलीत ४० युनिटची असते. लाल टोपणाची सिरिंज तिच्यासाठी. नारिंगी टोपणाची सिरिंज १ मिलीत १०० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी. दोन्ही सारख्याच बारीक, दोन्हींवर दहाचा आकडा. पण लाल सिरिंजमध्ये दहाची रेघ म्हणजे ०.२५ मिली आणि नारिंगीत दहाची रेघ म्हणजे ०.१ मिली. ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने दहापर्यंत भरलं असतंस तर पेशंटच्या अंगात गेले असते फक्त ४ युनिट. उलट झालं, बाटली १०० ची आणि सिरिंज लाल, तर दहाच्या जागी २५ युनिट. तेवढं इन्सुलिन गेलेली आणि जेवण न झालेली बाई घामाने थबथबते, बरळते, मग निपचित पडते. वॉर्डात दिवे मंद झालेले असतात आणि सगळ्यांना वाटतं, लागली झोप.

तुला शंका आली आणि तू थांबलीस. तिथे तुझं काहीच चुकलं नाही. चुकलं त्यानंतर. बोलणं खाल्ल्यावर तू गप्प झालीस, आणि नऊ नंबरचं इन्सुलिन अजून दिलेलं नाही हे पुढचे कितीतरी तास कोणाच्या डोक्यातच राहिलं नाही. सिस्टरना वाटलं असणार, पोरीने दिलं. साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास द्यायचं असतं. ते जेवणानंतर साडेआठला गेलं. त्यात कोणी चार्ट न बघता आणखी एक डोस दिला असता तर? थांबल्यावर लगेच मोठ्याने सांगायचं असतं: “सिस्टर, नऊ नंबरचं इन्सुलिन मी दिलेलं नाही. बाटली, सिरिंज आणि आताची शुगर घेऊन तुमच्याकडे येते. तुम्ही बघून सांगा, मी तिथेच भरते.” बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग बघायला सिस्टरना पंधरा-वीस सेकंद लागतात. सर्पदंशाच्या पेशंटजवळ उभं राहूनही ते होतं. “सोबत याल का” म्हटलं की त्यांना पेशंट सोडून यावं लागतं. तू त्यांच्याजवळ गेलीस तर लागत नाही.

आता तुझ्या पत्रातली एक समजूत जरा बाजूला काढून पाहू. तू धरून चालली आहेस की सिस्टर एक सांगतात, मॅडम त्याच्या उलट सांगतात, म्हणजे दोघींपैकी एक चुकीची. दोघी आपापल्या जागेवरून बरोबर बोलत असतील, असंही असू शकतं. सिस्टरच्या अंगावर ३८ पेशंट आहेत आणि समोर पांढऱ्या कपड्यातली एक मुलगी उभी आहे जी दुसऱ्या वर्षाला आहे. तिला लॅबमध्ये काय शिकवलं, काय नाही, हे सिस्टरना कुणी सांगितलं? बहुतेक वॉर्डांना कॉलेजकडून फक्त नावांची यादी आणि रोटेशनच्या तारखा जातात. मॅडमच्या बाजूने बघ. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आहे, पण दहा जणी चार वॉर्डांत पांगलेल्या असतील तर एका वेळी तीन वॉर्डांत मॅडम नसणारच. मग ‘मी नसताना हात लावू नको’ हा त्यांना सगळ्यात सुरक्षित वाटणारा नियम. तो नियम पाळला तर मुली दुपारभर नर्सिंग स्टेशनला उभ्या राहतात आणि काहीच शिकत नाहीत, हे त्यांनाही कळत असतं.

मधली जागा रिकामी आहे. अमुक काम विद्यार्थिनीने करायचं का, करायचं तर कुणाच्या नजरेखाली, हे कुणी ठरवलेलंच नाही. ते ठरेपर्यंत रोज कुणीतरी तुझ्यावर रागावणार. म्हणून ‘मी हे करू का?’ असं विचारणं सोडून दे. ‘हे करताना माझ्यावर कुणाची नजर असेल?’ हे विचार. नाव सांगता आलं तर कर. नाव सांगता येत नसेल तर थांब आणि तसं सांग.

कायद्याची बाजूही साधी आहे. तुझ्याकडे अजून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक नाही. तो परीक्षा पास झाल्यावर मिळतो. तोवर वॉर्डातल्या औषधाची जबाबदारी नोंदणी असलेल्या सिस्टरची, आणि तुला काय शिकवायचं याची जबाबदारी कॉलेजची. पण ‘मी तर स्टुडंट’ म्हणून तू पूर्ण सुटतेस असंही नाही. येत नसताना केलंस, पाहिलं नसताना लिहिलंस, तर ते तुझंच.

हे ‘नजरेखाली’ वॉर्डात रोजच्या कामात कसं बसतं ते बघ.

काही कामं अशी आहेत की एकदा मॅडमनी किंवा सिस्टरनी तुझा हात पाहिला की तू एकटीने करायची आणि निकाल सांगायचा. टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी, ग्लुकोमीटरवर शुगर, इनटेक-आउटपुट (पोटात किती गेलं, लघवी किती झाली), स्पंजिंग, बेड करणं, तोंडाची निगा, दर दोन तासांनी कूस बदलणं, पेशंटला भरवणं. ही ‘खालची’ कामं समजली जातात आणि म्हणूनच ती सगळ्यात बिघडलेली असतात. कुठलाही टीपीआर चार्ट उघडून बघ: पहिल्या बेडपासून शेवटच्या बेडपर्यंत रेस्पिरेशन २०, २०, २०. नाडीचा हात धरून ठेवायचा, पेशंटला वाटू द्यायचं नाडीच बघतेय, आणि पूर्ण मिनिटभर छातीची हालचाल मोजायची, हे तुला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. ३८ पेशंटांचं पूर्ण मिनिट मोजायला ३८ मिनिटं लागतात म्हणून कुणी मोजत नाही. त्या दुपारी वॉर्डात हे करायला वेळ असलेली माणसं फक्त तुम्हीच असता. मिनिटाला ३२ श्वास घेणारी म्हातारी तुझ्या चार्टवर २० म्हणून गेली, तर तिला तपासायला कुणी येणारच नाही. मोजलं नसेल तर रकाना रिकामा ठेव. रिकामा रकाना दिसतो तरी. खोटा आकडा कुणाला दिसत नाही.

थेंब मोजणंही यातच. सलाईनच्या सेटच्या पाकिटावर किती थेंबांचा १ मिली ते छापलेलं असतं. २० थेंबांचा सेट असेल आणि ५०० मिली ४ तासांत द्यायचं असेल तर ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. पंधरा सेकंदांत दहा-अकरा. लहान मुलांच्या मायक्रो सेटला ६० थेंबांचा १ मिली होतो, तिथे हा हिशोब चालत नाही. थेंब किती हे सिस्टर किंवा डॉक्टर ठरवतात. ते तेवढेच पडताहेत ना, हात सुजला का, नातेवाइकाने रोलर फिरवला का, हे तू बघायचं. “बाई, बाटली सरली वो” अशी हाक यायच्या आत तुला ते कळलेलं असावं.

दुसऱ्या प्रकारची कामं दर वेळी कुणाच्या तरी नजरेखाली: इंजेक्शन, इन्सुलिन, इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेतली नळी) लावणं, लघवीचं कॅथेटर, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), मोठं ड्रेसिंग, गोळ्यांचा राउंड. नजर म्हणजे नक्की काय, हे सिस्टरशी बोलून घे, कारण इथेच घोटाळा होतो. सिस्टर वॉर्डात कुठेतरी आहेत म्हणजे नजर नाही. औषध भरताना अँप्युल किंवा बाटलीचं नाव, तारीख, डोस आणि ऑर्डर त्यांनी वाचली, आणि देताना त्या पेशंटजवळ होत्या किंवा निदान त्यांनी तपासलेली सिरिंज तुझ्या हातातून थेट पेशंटला गेली, इतकं तरी हवं. दुसऱ्याने भरून ठेवलेली, नाव न लिहिलेली सिरिंज कधीच द्यायची नाही. ट्रेमध्ये पाच सिरिंज भरून ठेवलेल्या असतात, सगळ्यांत पाण्यासारखं पांढरं औषध. कुणाची कोणती हे ज्याने भरलं त्याच्या डोक्यात असतं, आणि त्याला तेवढ्यात कॅज्युअल्टीतून बोलावणं येतं. मग “ती तिकडची देऊन टाक” असं कुणी म्हटलं तर “मी नवीन भरते, तुम्ही बघा” एवढंच म्हण. वाद घालायची गरज नाही.

तिसऱ्या प्रकारात तुझा हात मदतीला असू शकतो, पण काम तुझं नाही. पोटॅशियम क्लोराइड हे सगळ्यात आधी. ते पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं, आणि त्याचं अँप्युल इतर अँप्युलसारखंच दिसतं. हेपॅरिन, मॅग्नेशियम सल्फेट, लेबर रूममधलं ऑक्सिटोसिनचं ड्रिप हेही तसंच. रक्त चढवणं: पिशवी, गट आणि पेशंटचं नाव दोन नोंदणीकृत व्यक्तींनी जुळवायचं असतं, आणि त्या दोघींपैकी एक तू नसतेस. पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळ थांबून अंग थरथरतं का, पाठ दुखते का, ताप चढतो का हे बघायला मात्र तुझ्याइतकं चांगलं माणूस वॉर्डात नाही. डॉक्टरची फोनवरची ऑर्डर तू घ्यायची नाही. “सर, सिस्टरना देते” म्हणून फोन त्यांच्याकडे द्यायचा. आणि नातेवाइकांना आजार काय, रिपोर्टमध्ये काय, पेशंट वाचेल का हे तू सांगायचं नाही, ते कितीही ‘सिस्टर बाई’ म्हणत आले तरी.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी इंटर्नशिप लागली की मुलींना वाटतं आता सगळं आपलंच. नोंदणी तेव्हाही झालेली नसते. हात पक्का झालेला असतो, त्यामुळे पहिल्या प्रकारात कामं वाढतात. तिसरा प्रकार होता तिथेच राहतो.

हे सगळं तुझ्या डोक्यात असून उपयोग नाही, सिस्टरसमोर असायला हवं. अर्ध्या पानाचा कागद पुरतो. वर बॅच आणि पोस्टिंगच्या तारखा. त्याखाली: लॅबमध्ये दाखवलं आणि आमच्याकडून करून घेतलं ते, पेशंटवर नजरेखाली केलं ते, किती वेळा, अजून शिकवलंच नाही ते. तुझ्या बाबतीत कदाचित असं होईल: स्नायूतलं इंजेक्शन, सात वेळा नजरेखाली. इन्सुलिन, लॅबमध्ये दाखवलं, पेशंटवर एकदाही नाही. शिरेतलं इंजेक्शन, शिकवलं नाही. खाली मॅडमची सही, इन्चार्ज सिस्टरची सही. हा कागद ओव्हरच्या (ड्युटी बदलताना पेशंट सोपवण्याच्या) वहीच्या पहिल्या पानाला चिकटवायचा. तो मॅडमकडून मागताना ‘सिस्टर आमच्याकडून काहीही करून घेतात’ असं सांगू नको. ‘मॅडम, सिस्टर विचारतात तुम्हाला काय काय येतं, लिहून द्याल का?’ असं सांग. खरंही तेच आहे. सहा जणी मिळून जा. एकटी गेलीस तर ती तुझी कटकट वाटेल.

आणि रोज ओव्हर झाल्यावर दोन मिनिटं. इव्हनिंगच्या सिस्टर मॉर्निंगकडून ओव्हर घेतात तेव्हा तू मागे भिंतीला टेकून उभी असतेस. पुढे ये, वहीत पेशंट लिहून घे, आणि शेवटी विचार: “सिस्टर, आज माझ्याकडे कोणते बेड? यातलं कोणतं इंजेक्शन मी तुमच्यासमोर देऊ?” चार ते सहा बेड मागून घे. सगळा वॉर्ड सगळ्या मुलींचा असेल तर कोणताच पेशंट कुणाचा नसतो, आणि नऊ नंबर असाच राहतो.

सह्यांचं थोडं खडसावूनच सांगते, कारण मुली यातच अडकतात. तू दिलेल्या औषधापुढे तुझं पूर्ण नाव, ‘विद्यार्थिनी, दुसरं वर्ष’, वेळ, आणि शेजारी ज्यांनी बघितलं त्या सिस्टरची सही. आद्याक्षरांचं गिरगटणं नको. दिलं नाही तर का दिलं नाही ते लिही: ‘पेशंट जेवली नाही, सिस्टरना सांगितलं, ६.४०.’ दुसऱ्याने दिलेल्या औषधापुढे कुणी म्हटलं तरी सही करू नको. आधी सही करून मग राउंड घ्यायची पद्धत काही वॉर्डांत आहे. राउंडच्या मध्येच पेशंट एक्स-रेला गेलेला असतो, औषध राहतं आणि चार्ट म्हणतो दिलं. प्रोसिजर बुकमध्ये (विद्यार्थिनीने केलेल्या कामांच्या नोंदवहीत) न केलेल्या प्रोसिजरच्या सह्या मिळतात, हेही सगळ्यांना माहीत आहे. बुक भरतं. हात रिकामाच राहतो, आणि पुढच्या वर्षी तीच सही तुझ्यावर उलटते: “बुकात तर दहा वेळा केलंय.”

आता त्या संध्याकाळी खरं तर तुझी गरज कुठे होती ते. आपल्या भागात पावसाळ्यात सर्पदंश आणि फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकाची विषबाधा, याने वॉर्ड भरतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेतकरी-शेतमजूर गेले, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. अशा पेशंटजवळ सिस्टर एकटी असते आणि तिला दोन डोळे कमी पडत असतात. सर्पदंशात करतात ती रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणीच बघ. नवी, स्वच्छ, कोरडी काचेची टेस्ट ट्यूब, त्यात २ मिली रक्त, आणि वीस मिनिटं अजिबात न हलवता उभी ठेवायची. मग एकदाच वाकवायची. रक्त वाहिलं तर गोठलेलं नाही. ही चाचणी बिघडते ती क्षुल्लक कारणांनी: ट्यूब प्लॅस्टिकची होती, साबणाच्या पाण्याने धुतलेली होती, किंवा मध्येच कुणी ‘गोठलं का बघू’ म्हणून हलवली. वेळ लिहून ट्यूबजवळ थांबायला वॉर्डात कुणाला फुरसत नसते. तू थांबू शकतेस. पापण्या उतरताहेत का, गिळता येतंय का, बोलणं घोगरं झालं का, हे दर पंधरा मिनिटांनी बघून वेळेसकट लिहू शकतेस. विषाची लस सुरू असताना अंगाला खाज, गांधी, उलटी, श्वासाला त्रास दिसला की रोलर बंद कर आणि जोराने हाक मार. त्या बाबतीत कुणाच्या परवानगीसाठी थांबू नको. फवारणीच्या पेशंटचे कपडे काढणं, अंग साबण-पाण्याने धुणं हे तुला येण्यासारखं काम आहे, पण हातमोजे घालून. कपड्यावरचं औषध तुझ्याही कातडीतून शिरतं.

पुढच्या वेळी सिस्टर इन्सुलिन सांगतील तेव्हा असं म्हणून बघ: “सिस्टर, मी हिच्याजवळ थांबते, ट्यूब बघते. तुम्ही नऊ नंबरला देऊन या.” कामांची अदलाबदल. बहुतेक सिस्टरना हे आवडेल.

सुई टोचली तर काय, हे पत्रात नाही, पण मुली लपवतात म्हणून लिहिते. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, वर स्पिरिट ओतायचं नाही. पेशंट कोण ते लिहून घेऊन त्याच वेळी सिस्टरना आणि ड्युटीवरच्या डॉक्टरना सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागणार असतील तर शक्यतो २ तासांत सुरू व्हायला हवीत, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही, आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. “काही होत नाही, धुऊन टाक” असं कुणी म्हटलं तरी रजिस्टरला नोंद करूनच घरी जा. हेपॅटायटीस बीचे तीन डोस, पहिला, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी, हे वॉर्डात पाय ठेवायच्या आधी पूर्ण झालेले असावेत. झाले नसतील तर कॉलेजला आजच विचार. आणि वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नको. बऱ्याच सुया तेव्हाच टोचतात.

मावशींच्या कामाबद्दल तुझं म्हणणं अर्धं पटतं. बेडपॅन देणं, अंग पुसणं, चादर बदलणं ही नर्सिंगचीच कामं आहेत. पाठ पुसतानाच बेडसोअरचा पहिला लाल डाग दिसतो, उभं राहून दिसत नाही. ते काम मावशींवर ढकलून देणारी मुलगी निम्मं नर्सिंग सोडून देते. पण रक्ताचे नमुने लॅबला पोचवणं, सिलेंडर ढकलणं, रिपोर्ट आणणं, फायली फिरवणं यात अख्खी ड्युटी जात असेल तर ते शिक्षण नाही, आणि त्यात रागावण्यासारखं नक्की आहे. एक आठवडा वहीत लिही: कोणत्या कामाला किती मिनिटं. सहा तासांतले चार तास वॉर्डाबाहेर गेले असं कागदावर दिसलं की प्राचार्यांशी बोलणं सोपं होतं. “आम्हाला राबवतात” याला कुणाकडे उत्तर नसतं. “सोमवार ते शनिवार ३६ पैकी २४ तास लॅब आणि एक्स-रेच्या फेऱ्यांत गेले” असे आकडे दिले की उत्तर द्यावं लागतं.

तक्रार करायची का? इन्सुलिनच्या त्या एका संध्याकाळसाठी नको. त्यासाठी बोलणं पुरेसं आहे, आणि तेही सिस्टरशीच, शांत वेळी, चार्ट लिहिताना. “त्या दिवशी मला सिरिंज कळली नव्हती, दाखवाल का?” हे वाक्य कमीपणाचं नाही. दमलेल्या माणसाचा आठ वाजताचा सूर आणि दुपारी तीनचा सूर वेगळा असतो.

पण काही गोष्टींची तक्रार त्याच दिवशी, लेखी: वॉर्डात एकही स्टाफ नसताना तुम्हाला एकटं सोडलं, दुसऱ्याच्या औषधावर सही करायला लावली, पोटॅशियम किंवा रक्त एकटीने द्यायला सांगितलं, सुई टोचली आणि नोंद करू दिली नाही, कुणी अंगलट आलं. शेवटच्या बाबतीत रुग्णालयाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जाता येतं. २०१३ च्या कायद्यात शिकाऊही येतात, आणि मुदत ३ महिन्यांची असते. बाकीच्यांसाठी आधी तुमच्या मॅडम, मग प्राचार्य. रुग्णालयाच्या बाजूने इन्चार्ज सिस्टर, मग मेट्रन, आणि मेट्रनचं पद नसेल तिथे वैद्यकीय अधीक्षक. चार ओळी पुरतात: तारीख, वेळ, काय सांगितलं गेलं, तू काय केलंस. ‘नेहमीच’, ‘मुद्दाम’, ‘सगळेच’ हे शब्द गाळ. एक प्रत स्वतःकडे. मार्कांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. म्हणूनच सहा जणींच्या सह्या, आणि म्हणूनच आधी तो अर्ध्या पानाचा कागद. मॅडमनी स्वतः सही करून ‘इन्सुलिन पेशंटवर केलेलं नाही’ असं लिहून दिलं असेल, तर न दिल्याबद्दल मार्क कापणं त्यांनाही अवघड जातं.

हे वाचणाऱ्या स्टाफ सिस्टरना एक विनंती आहे. “एवढंही येत नाही?” हे एकदा ऐकलेली मुलगी पुढच्या वेळी विचारत नाही, देऊन मोकळी होते. तुमच्या नोंदणीवर ते बेततं. आणि मॅडमांना: आठवड्यातल्या दोन फेऱ्या सह्यांऐवजी औषधाच्या राउंडच्या वेळेला ठेवल्या, संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला, तर त्या दोन फेऱ्यांत सहा मुलींचं इन्सुलिन नजरेखालून जाऊ शकतं.

तुझ्यासाठी उद्या दुपारी दोनला एक काम. इन्सुलिनचा ट्रे उघड. बाटलीवर ४० की १०० ते वाच. बाटली ४० ची असेल आणि दोन्ही रंगांची टोपणं अजून एकाच ट्रेमध्ये पडलेली असतील तर तो ट्रे आहे तसा इन्चार्ज सिस्टरकडे ने आणि विचार, “सिस्टर, आपल्याकडे १०० ची बाटली नाही, मग नारिंगी सिरिंज वेगळ्या डब्यात ठेवू का?”